दुधाच्या गावात तेलाचा फेस

भूममध्ये मलई मिळत नाही.

बाहेरच्या माणसाला हे वाक्य पटायचं नाही, म्हणून फोड करून सांगते. ज्या तालुक्यात सकाळचं दूध आलं की भट्ट्या पेटतात, ज्याच्या खव्यावर पुण्या-मुंबईच्या मिठाईवाल्यांची दिवाळी होते, ज्या खव्याला आता कुंथलगिरीच्या नावानं भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय, त्या तालुक्याच्या गावी भर बाजारात पाव किलो ताजी मलई मागून बघा. भांड्यांच्या दुकानात पेरू मागितल्यासारखं दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघतो. मग फ्रीझर उघडून पुठ्ठ्याचा एक गारठलेला डबा काढतो आणि काउंटरवर आपटतो. डब्यावर पांढऱ्याशुभ्र लाटा छापलेल्या असतात. त्या लाटांत दुधाचा थेंब नसतो. तेल असतं.

मला हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. तेही कुणी आहारतज्ज्ञानं सांगितलं म्हणून नाही, तर ऑस्ट्रेलियातल्या एका पक्वान्नापायी, ज्याला नाव एका रशियन नर्तकीचं. सासर खवा आटवणाऱ्यांचं. लग्न होऊन आले तेव्हा दारात भट्टी होती. दुधाचं सगळं कळतं असा माझा तोरा होता. तो कसा उतरला, ते सांगते.

नणंदेची लेक पर्थला असते. डिसेंबरात तिकडे उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून ती नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन भूमला आली. आमच्याकडे नाताळ म्हणजे कॅलेंडरातला एक लाल आकडा. पण त्या पोरीला त्या दिवशी 'पॅव' पाहिजे होती. पॅव म्हणजे पावलोवा. अंड्याच्या पांढऱ्याचा आणि साखरेचा फेस करून भाजायचा, त्यावर मलई घुसळून ओतायची, वर आंबटगोड फळं. "सोप्पंय मामीआजी," ती म्हणाली, "नुसती अंडी आणि साखर." स्वयंपाकघरात 'नुसती' हा शब्द वापरणाऱ्यानं कधी खरकटी भांडी घासलेली नसतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव.

आधी या पदार्थाच्या नावाविषयी, कारण पोरीनं मला छातीठोकपणे सांगितलं की पॅव आमच्या पर्थची. पर्थच्या एस्प्लनेड हॉटेलातल्या बर्ट साक्से नावाच्या आचाऱ्यानं १९३५ साली ती केली आणि 'पावलोवासारखी हलकी' म्हणून हे नाव पडलं, असं तिथले लोक सांगतात. न्यूझीलंडवाले म्हणतात, खोटं. हेलन लीच या न्यूझीलंडच्या संशोधिकेनं जुन्या पाककृतींची पुस्तकं धुंडाळून २००८ साली यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि साक्सेच्या आधीच्या पाककृती पुढे ठेवल्या. त्याही आधी १९२७मध्ये 'पावलोवा' या नावानं छापलेला पदार्थ तर चक्क रंगीत थरांची जेली होता. म्हणजे नाव एकाचं, शरीर दुसऱ्याचं. दोन देश शंभर वर्षं अंड्याच्या फेसावरून भांडतायत. हसू नका. हे भांडण मला तर फार आवडलं. आपला पदार्थ आपला आहे म्हणून कुणीतरी जीव तोडून भांडतंय, हे आमच्यासारख्यांनी निदान लांबून बघावं.

खुद्द अ‍ॅना पावलोवा १९२६मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेल्या आणि १९२९मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियाला. या दुसऱ्या वाटेवर त्या मुंबईत नाचल्या. १९२८चा तो कार्यक्रम नंतर भरतनाट्यम नृत्यांगना झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पाहिला आणि पुढं ऑस्ट्रेलियाला जाताना दोघी योगायोगानं एकाच बोटीवर होत्या. रुक्मिणीदेवी बॅले शिकू लागल्या, तर पावलोवांनी त्यांना आपल्याच देशातलं नृत्य शोधायला सांगितलं. त्याआधी १९२३ साली लंडनमध्ये उदय शंकर नावाच्या, चित्रकला शिकायला आलेल्या पोराला त्यांनी कृष्ण करून स्वतः राधा होऊन नाचवलं आणि त्यालाही तुझ्या मातीकडे बघ असंच सांगितलं. एका परदेशी बाईला आपल्या घरातलं काय मोलाचं आहे ते दिसलं आणि आपल्याला मात्र तिनं सांगावं लागलं. १९३१च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांच्या नावाचा गोड पदार्थ करायला बसलेल्या भूमच्या बाईला घरातलंच दूध शोधावं लागणार, हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी कपाळावर हात मारला असता.

असो. अंडी.

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, माळकरी. स्वयंपाकघरात अंडं येत नाही. मुलगा बाहेर खातो हे त्यांना माहीत आहे, पण त्यांचा कायदा चुलीपुरता आहे आणि तो मी मोडत नाही. म्हणून ओव्हन ओसरीवर नेला, वायर खिडकीतून ओढली आणि परातीपासून चमच्यापर्यंत सगळी भांडी वेगळी काढली. आत्याबाई खुर्ची टाकून अंगणात बसल्या. म्हणाल्या, "कर बाई, कर. मी बगायली नुसतं. शिवत न्हाई." ही सरकारी बुद्धीपेक्षा बरी बुद्धी. २०२३च्या नोव्हेंबरात सरकारनं ठरवलं की पोरांना शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं. २०२५च्या जानेवारीत त्याचे पैसे बंद केले आणि शाळांना सांगितलं, हवं तर लोकसहभागातून द्या. अंडं ज्याला नको त्याला देऊ नका, हे आत्याबाईंना बिनशिकलेलं कळतं. पण ज्याला हवंय, त्याच्या ताटातलं अंडं लोकवर्गणीवर टाकायचं! मी चार अंडी फोडत होते आणि पिवळा भाग बाजूला काढताना मला त्या रांगेतल्या थाळ्या दिसत होत्या. पिवळं शेजारच्या सालगड्याच्या घरी गेलं. त्यांनी त्याची भुर्जी केली. त्या दिवशी पदार्थ सगळ्यात शहाणपणानं कुणी खाल्ला असेल तर त्यांनी.

पांढऱ्यात पिवळ्याचा ठिपकासुद्धा नको, भांड्याला तुपाचा हात नको, नाहीतर फेस धरत नाही. तेलतूप असलं की अंड्यातली प्रथिनं हवेच्या बुडबुड्यांभोवती नीट जाळं विणू शकत नाहीत. हे वाचून मला मौज वाटली. ज्या घरात शंभर वर्षं प्रत्येक भांडं तुपानं ओशट आहे, तिथं एक भांडं कोरडं ठक्क करायला लिंबाची फोड फिरवून दोनदा घासावं लागलं. साखर आमच्याकडे एम-३० येते, दाणा मोठा. फेसात ती विरघळत नाही आणि मग भाजताना पाक होऊन पाझरते, म्हणून मिक्सरला फिरवून घेतली. चार अंड्यांच्या पांढऱ्याला दोनशे ग्रॅम साखर, एकेक चमचा करून. शेवटी चमचाभर व्हिनेगर आणि दोन चमचे मक्याचं पीठ, म्हणजे बाहेरून कडक आणि आतून मऊ राहते. बोटाच्या चिमटीत फेस चोळायचा, कचकच लागली नाही की झालं. याला घरच्या घरी सोपं म्हणणाऱ्यांनी एकदा अनारसे करून बघावेत. नंतर बोलू.

ओव्हन दीडशेवर तापवून एकशेवीसवर आणला. पाऊण तास झाला आणि लाइट गेली.

आता इथं मी रडगाणं गायला हवं, पण खरं सांगू, मला लाइट गेल्याचा राग आला नाही. पावलोवेला शेवटी बंद ओव्हनमध्येच हळूहळू गार व्हावं लागतं. दार उघडलं की हवेचा धक्का बसून फाटते. लाइट नसल्यानं कुणी दार उघडून बघितलं नाही, एवढंच. दोन तासांनी लाइट आली, आणखी अर्धा तास भाजली आणि रात्रभर आतच ठेवली. सकाळी बघितलं तर वरून तडकलेली, बदामी रंगाची, एका बाजूला बसलेली. पोरगी रडकुंडीला आली. आत्याबाईंनी अंगणातून मान उंचावून बघितलं आणि निकाल दिला, "हासली." अनारसा तुपात फुटून पसरला की आमच्याकडे हसला म्हणतात. हसलेला अनारसा फेकत नाहीत, त्याचा चुरा करून दुधात घालून खातात. आणि पावलोवेच्या बाबतीत तर तडे जाणार हे गृहीतच असतं, ते झाकायलाच वर मलई असते. हसली तर हसली.

शिवाय आमची हवा. पावसाळ्यात मुंबईत ही गोष्ट केली असती तर तासाभरात चिकट झाली असती, कारण साखर हवेतलं पाणी ओढते. बालाघाटाच्या डोंगररांगेवर डिसेंबरात हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. याच कोरड्या हवेपायी आमच्या पिकांचं वाटोळं होतं, पाऊस नाही, जमीन मुरमाड, तरणी माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्या हवेचा एक उपयोग मला प्रथमच सापडला. गुढीपाडव्याच्या गाठीसारखी पॅव कडकडीत राहिली होती. कुणी उद्योजक वाचत असेल तर त्यानं हे लिहून घ्यावं.

मग मलई. इथं खरी गोष्ट सुरू होते.

भाची म्हणाली, "मामी, क्रीम घेऊन येते बाजारातून." तो पुठ्ठ्याचा डबा घेऊन आली. मी सवयीनं डबा ओट्यावर ठेवला, आणि चष्मा डोळ्यांवर होता म्हणून मागची बारीक अक्षरं वाचली. पाणी. साखर. हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, पाम कर्नलचं. मग स्थिरीकरणाची पावडर, इमल्सिफायर, वास. दर्शनी बाजूला बारीक अक्षरात 'नॉन-डेअरी'. म्हणजे कंपनी लपवत नाही. चोर नाही ती. चोर असती तर बरं झालं असतं, निदान धरता आला असता.

मी दुकानात गेले. विचारलं, दुधाची नाही का? तो म्हणाला, "दुधाची कोण घेतंय ताई? ती टिकत नाय, उभी राहत नाय. ही बघा, एका लिटरची तीन-चार लिटर होते." मग मोठ्या मनानं दुधाच्या मलईची एक छोटी पेटी काढून दिली. पंचवीस टक्के फॅट. भाजीत घालायला ठीक. तिला घुसळलं तर ताक व्हायला बघते, उभी राहायचं नाव नाही. मलई फुगायला तीस-पस्तीस टक्के तरी दुधाची स्निग्धता लागते आणि ती गार लागते. हे मला दुकानदारानं नाही सांगितलं, मी नंतर शिकले.

घरी येताना मोजत आले. मुलाचा पहिला वाढदिवस, दुसरा, पाचवा, दहावा. सोळा केक. सोळाच्या सोळा त्याच डब्यातल्या फेसानं माखलेले, वर गुलाबी गुलाब आणि 'हॅप्पी बर्थडे' कसंबसं बसवलेलं. मी हौसेनं आणलेले. आत्याबाई दरवेळी म्हणायच्या, "ह्ये टाळूला चिकटतंय गं." मी म्हणायची, तुम्हाला कळत नाही, आधुनिक आहे. म्हाताऱ्या माणसाची जीभ बरोबर होती आणि माझी पदवी चुकीची होती. दुधाची स्निग्धता तोंडाच्या उबेनं विरघळते, हे तेल तसं विरघळत नाही, टाळूवर राहतं. आत्याबाईंना चवीनं कळलं, मला चष्म्यानं कळलं, तेही सोळा वर्षांनी.

आता गावाकडे बघा. भूमच्या कुठल्याही चौकात संध्याकाळी थांबा. नगरसेवकाचा वाढदिवस, त्याच्या पोराचा, त्याच्या मेव्हण्याचा, गाडीच्या बॉनेटवर पाच केक, तलवारीनं कापलेले, अर्धे तोंडाला फासलेले, अर्धे रस्त्यावर. तो सगळा फेस कुठून आला? हा देश जगात सर्वांत जास्त पाम तेल बाहेरून विकत घेतो, मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियाकडून. म्हणजे समुद्रापलीकडच्या झाडाचं तेल बोटीनं येतं, कारखान्यात गोठतं, फेस होतं, फ्रीझरच्या गाडीनं बालाघाट चढून भूमला येतं आणि दूधवाल्याच्या पोराच्या गालाला फासलं जातं. त्याच वेळी, त्याच चौकातून, त्याच दूधवाल्याच्या दुधाचा खवा टेम्पोत भरून पुण्याला निघालेला असतो. माल खाली जातो, फेस वर येतो. याला आम्ही सुधारणा म्हणतो.

कुणी म्हणेल, बाई, गरिबाला स्वस्त केक मिळतो, तुमच्या पोटात का दुखतं? स्वस्ताबद्दल माझं काही म्हणणं नाही. गरिबानं काय खावं हे सांगणारी मी नव्हे. पण त्याच दूधवाल्याला विचारा की दुधाचा दर काय मिळतो. २०२४मध्ये गाईच्या दुधाला सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं, तरी रस्त्यावर दूध ओतायची वेळ येतेच. दूध जास्त झालं म्हणून दर पडतो आणि दूध नको म्हणून आपण तेलाचा फेस खातो. ही दोन वाक्यं एकाच तोंडानं बोलताना जीभ अडखळत कशी नाही?

आणि भेसळीचं नाटक! दिवाळीच्या तोंडावर दरवर्षी बातमी असते, एवढा खवा पकडला, एवढा नष्ट केला. पकडावाच. ज्या खव्यात तेल मिसळलंय त्याला खवा म्हणू देऊ नये. नियमच तसा आहे, कोरड्या भागात निदान तीस टक्के दुधाचीच स्निग्धता हवी, बाहेरचं तेल नको. २०२५च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात बनावट पनीर थेट विधानभवनात पोचलं, केवढा गहजब झाला. झालाच पाहिजे. पण खव्यात चमचाभर तेल सापडलं तर भट्टीवाल्याला चोर म्हणणारे आपण, आख्खा केक तेलाचा असला तर मेणबत्ती लावून टाळ्या वाजवतो. इथं तेल चोरून नाही, डब्यावर लिहून आहे, म्हणून चालतं. लिहिलेलं वाचायचं नाही ही अट आपणच पाळतो. बदनाम मात्र कोण? आमचा खवा.

खवा का आला या तालुक्यात, हेही लोक विसरलेत. दूध सकाळी निघतं आणि दुपारी नासतं. बालाघाटावरच्या वाडीवरून शहरापर्यंत कच्चं दूध पोचवायची सोय नव्हती. म्हणून ते इथंच आटवलं. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण एक किलो खवा. तो दोन-तीन दिवस टिकतो, एस्टीच्या टपावरून जातो. म्हणजे खवा ही आमच्या रस्त्यांची आणि दुष्काळाची केलेली तडजोड आहे, आणि ती तडजोड लोकांनी इतक्या हातोटीनं केली की तिचाच मान झाला. कुंथलगिरीचा पेढा रंगानं काळपट तपकिरी का? कारण खवा भाजून भाजून दुधातली साखर करपायच्या काठावर आणतात. साखर कमी, भाजणं जास्त. कुंथलगिरीच्या डोंगरावर, जिथं जैन मुनी शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नत्याग करून देह ठेवला, तिथं दर्शनाला आलेला माणूस पेढ्याची खोकी बांधून नेतो. भट्टीवर उभं राहून कढईत उलथणं फिरवणारा माणूस मात्र डोळे लाल करून, धुरात, भर मे महिन्यात उभा असतो. आता काही भट्ट्या सौर विजेवरच्या यंत्रावर आल्यात, धूर गेला, लाकूड वाचलं. चांगलं झालं. पण एकही भट्टीवाला स्वतःच्या नातवाच्या वाढदिवसाला स्वतःच्या दुधाची मलई लावत नाही. तो बेकरीत फोन करतो, "एक किलोचा पायनॅपल."

सेपरेटर मात्र गावात आहेत. ओळखीतला एक जण दूध संकलन करतो, उरलेल्या दुधातून मलई काढून तूप करतो. त्याच्याकडे गेले. "वहिनी, खवा न्या की. मलई कशापायी?" म्हटलं, घुसळायची. "लोणी काढायचंय?" नाही, लोणी होऊ द्यायचं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मलई घुसळायची आणि लोणी होऊ द्यायचं नाही, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बोललं होतं. पण माणूस दर्दी. फॅट मोजून दिली, "पंचेचाळीसची हाय. घट वाटली तर दूध घाला थोडं."

पहिल्या दिवशी ती मलई मी तापवली, फॅनखाली गार केली आणि तासाभरात मिक्सरला लावली. दोन मिनिटांत लोण्याचा गोळा आणि ताक. आत्याबाई अंगणातून इतक्या हसल्या की माळ हलली. "तुज्या ऑस्ट्रेलियाचं लोणी आलं की गं!" त्यांनी ते लोणी कढवून तूप केलं. त्यात अंडं नव्हतं म्हणून त्यांच्या कायद्यात बसत होतं.

मग भाचीनं पर्थला कुणाला तरी विचारलं, मीही वाचलं. मलई तापवल्यावर रात्रभर गारठ्यात राहायला हवी. आतल्या स्निग्धतेचे कण थंडीत अर्धवट गोठतात आणि मगच ते हवेचे बुडबुडे धरतात, नाहीतर ते एकमेकांना चिकटून लोणी होतात. म्हशीच्या दुधात कण मोठे, म्हणून लवकर चिकटतात. म्हणजे घाई नको. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. पहाटे पाचला स्टीलचं पातेलं, रवी आणि मलई घेऊन मी गच्चीवर गेले, कारण स्वयंपाकघरापेक्षा गच्ची गार. डिसेंबरातली बालाघाटावरची पहाट. शाल डोक्यावरून, हात बधिर, आणि मी रवी फिरवतेय. पाच मिनिटं काहीच नाही. मग एकदम आवाज बदलला, खळखळ थांबली, रवी जड झाली, मलईत रवीची नक्षी उमटायला लागली. तिथंच थांबले. बोटानं चाटली.

ही चव मला ओळखीची होती. लहानपणी माहेरी, सकाळी तापवलेल्या दुधावरची जाड साय आजी वाटीत काढून द्यायची. तीच चव, फक्त वारा भरलेली. सोळा वर्षं मी ही चव माझ्या पोराच्या केकवरून काढून टाकली होती आणि पैसे देऊन.

आत्याबाईंसाठी अंड्याशिवाय वाटीभर मलई वेगळी ठेवली. त्यांनी चमच्यानं खाल्ली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "टाळूला चिकटत न्हाई." एवढंच.

पावलोवेवर फळं काय घालायची हा प्रश्न भाचीला पडला होता. तिकडे पॅशनफ्रूट घालतात, आंबट. फेस इतका गोड असतो की आंबटाशिवाय घशाखाली उतरत नाही. आमच्याकडे डाळिंबं होती, शेवटची चार सीताफळं होती. सीताफळाच्या बिया काढत बसले अर्धा तास, पण सीताफळ नुसतंच गोड, म्हणून डाळिंबाचे दाणे आणि वर लिंबाची साल किसून. पोरीनं एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. म्हणाली, पर्थपेक्षा छान. मुलं खोटं बोलतात, पण इतका वेळ डोळे मिटून नाही.

संध्याकाळी गल्लीत शेजारच्या पोराचा सहावा वाढदिवस होता. वाटीभर मलई उरली होती. म्हटलं, नेऊ या, पोराला खाऊ घालू, त्याच्या आईला दाखवू की बघ, हे आपल्याच दुधातून होतं, आपल्याच गावात. तिथं केक आला होता. निळ्या रंगाचा, कुठल्याशा हिरोचा फोटो, बाजूला तेलाच्या फेसाचे गुलाब. दिवे लावून तास झाला होता तरी एकही गुलाब विरघळला नव्हता. मी पोराला माझ्या वाटीतला चमचा दिला.

त्यानं तोंडात घेतला. थांबला. आणि परत वाटीत थुंकला.

"मम्मी," तो म्हणाला, "याला दुधाचा वास येतोय."

त्याची आई ओशाळून म्हणाली, "राग नका मानू काकू, त्याला सवय नाही." पोराच्या आजोबांची भट्टी आमच्या मागच्याच गल्लीत आहे. ते कोपऱ्यात खुर्चीवर कागदी डिशमधला निळा केक खात बसले होते.